मॅडमना दिवाळीत काय द्यायचं?

नमस्कार श्रोतेहो. सहामाहीचे पेपर संपत आले, सुट्टी तोंडावर आली, की घरोघरी एक प्रश्न निघतो: "आई, मॅडमना काय द्यायचं?" मग आदल्या संध्याकाळी नागपूरच्या बर्डी बाजारातल्या गर्दीत शिरून समोर दिसेल तो मग नाहीतर शोपीस उचलला जातो. आज या खरेदीबद्दल नीट बोलू.

आधी एक हिशेब करा. वर्गात ४० मुलं. प्रत्येकानं पाव किलो फराळ दिला, तर एकट्या मॅडमकडे १० किलो चिवडा आणि शंकरपाळे जमतात. त्यात त्या दिवशी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे स्कूटीवर घेऊन त्यांना घर गाठायचं असतं. म्हणून वस्तू एका हातात मावणारी हवी, आणि आठवड्यात संपणारी किंवा रोज कामी येणारी.

खरेदीच्या आधी शाळेची डायरी उघडून पाहा. पुष्कळ शाळांत भेटी घ्यायला मनाई असते. सरकारी शिक्षकांना तर वर्तणुकीचे नियमच लागू असतात. साडी, चांदीचं नाणं, पैशांचं पाकीट हे सगळं त्यांना अडचणीत टाकतं, तेव्हा ते कटाक्षानं टाळा. वेळेचंही भान हवं. पेपर तपासणं चालू असताना दिलेली भेट, मनात काही नसलं तरी, मार्कांशी जोडली जाते. निकाल सुट्टीनंतर लागणार असेल, तर आत्ता फक्त कार्ड द्या आणि वस्तू निकालानंतर.

आपल्या नागपुरात पहिला विचार संत्र्याचा. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची फळं साधारण ऑक्टोबरअखेरीस येऊ लागतात, म्हणजे दिवाळी नोव्हेंबरात असली तर हा बेत जमतो. सहा फळं पुरेत, पाऊण किलोच्या आसपास भरतात. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागेल ते फळ घ्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असतेच, पण दाबल्यावर आत पोकळ लागलं, तर फळ जुनं आहे. देठाचं बोंड शाबूत हवं. ते उपटलं गेलं असेल, तर तिथूनच सडायला सुरुवात होते. सालीवर हिरवट छटा दिसली म्हणून फळ बाजूला टाकू नका. रात्री गार झाल्याशिवाय सालीला रंग चढत नाही, आत फळ गोड असू शकतं. धुऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुळीच देऊ नका. आत ओल धरते, बुरशी येते, आणि एका फळामुळे बाकीची जातात. भोकं पाडलेली कागदी पिशवी उत्तम.

संत्रा बर्फी द्यायची तर पाव किलो पुरे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ती कधीपर्यंत खाण्याजोगी आहे, ती तारीख लिहिणं बंधनकारक झालं आहे. ती वाचूनच घ्या. सकाळी दप्तरात कोंबलेला खव्याचा डबा ऑक्टोबरच्या उकाड्यात दुपारपर्यंत टिकेलच असं नाही, म्हणून शाळा सुटताना पालकांनीच नेऊन द्यावा. घरचा चिवडा द्यायचा असेल, तर पूर्ण गार झाल्यावरच पुडीत भरा. कोमट भरला की वाफेचं पाणी सुटतं आणि पोहे मऊ पडतात.

रोजच्या वापरातलं म्हणाल, तर लाल बॉलपेन आणि त्याच्या पाच रिफिल. साधी भेट आहे, पण तपासणीच्या दिवसांत तिचं मोल कळतं. जेलपेन मात्र नको, पातळ उत्तरपत्रिकेवर त्याची शाई मागच्या पानावर उमटते.

काही पालकांनी मिळून द्यायचं ठरवलं, तर अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास चांगला. दिवसभर बोलून घसा बसणाऱ्या माणसाला कोमट पाणी हाताशी लागतंच. दुकानातच गरम पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. गरम लागला, तर दोन भिंतींमधली पोकळी नीट नाही. तो घेऊ नका. तोंड ब्रश जाईल इतकं रुंद हवं. वर्गणी ५० रुपयांच्या वर नको, आणि कोणी दिली, कोणी नाही, ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच टाकू नका. पैसे २५ जणांनी दिले, तरी नावं चाळीसही मुलांची लिहा. याबाबतीत आम्ही हट्टी आहोत, कारण वगळलेल्या मुलाला ते लगेच कळतं.

आता कार्ड. खरी भेट हीच. ड्रॉइंगचा जाड कागद पोस्टकार्डाएवढा, १४ बाय ९ सेंटीमीटर कापा. पातळ कागदावर स्केचपेनची शाई फुटते, मेणाच्या खडूंचं तसं होत नाही. चमकी लावू नका, ती साडीला आणि वह्यांना चिकटत राहते. मुलाला "थँक्यू मॅडम" लिहायला सांगू नका. त्याला विचारा: "आधी तुला काय येत नव्हतं, आणि मॅडममुळे आता काय येतं?" जे उत्तर येईल तेच लिहू द्या. उदाहरणार्थ: "मॅडम, मला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. तुम्ही काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला, मग आली." अशी दोन वाक्यं पुष्कळ झाली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसू नका. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याला चित्र काढू द्या आणि तो जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत खाली उतरवा. मागे पूर्ण नाव, तुकडी आणि तारीख हवीच, कारण एका वर्गात दोन-तीन आर्या आणि आरव असतात.

शाळेतल्या मावशी आणि ऑटोवाले काका यांनाही असंच एक कार्ड आणि फराळाची पुडी द्या. त्यांच्यापर्यंत फार कमी जणांचं लक्ष जातं.

भेट वर्गासमोर नको, शाळा सुटल्यावर द्या. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा: मॅडम वस्तू परत करतील, तर ती मुकाट्यानं घ्यायची, आग्रह करायचा नाही, कार्ड तेवढं त्यांच्या हातात द्यायचं.