६४१ने भाग कसा जातो?

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर एक संख्या लिहून घ्या: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २चा ३२वा घात, अधिक १.

२चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा आणि सोळावा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. पाचही मूळ संख्या. त्यावरून सतराव्या शतकात गणितज्ञ फर्माने पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं मानलं. गणितज्ञ ऑयलरने १७३२ साली दाखवलं की पुढचीच संख्या, म्हणजे आपण लिहिलेली, ६४१ने भागली जाते.

पण ६४१ शोधायचा कसा? वर्गमूळ ६५,५३६च्या किंचित वर. तिथवरच्या मूळ संख्या साडेसहा हजारांहून जास्त. एवढे भागाकार कोण करणार? इथे रचना कामी येते. समजा एखादी मूळ संख्या हिचा अवयव आहे. तिने भागल्यावर २च्या ३२व्या घाताची बाकी उणे १, म्हणून ६४व्या घाताची १, आणि त्याआधी कुठेही १ नाही. फर्माच्याच प्रमेयाने त्या मूळ संख्येहून एकने लहान घातालाही बाकी १ येते. पण बाकी १ फक्त ६४च्या पटीतल्या घातांनाच येते, म्हणून अवयवातून १ वजा केला की ६४ने भाग गेलाच पाहिजे. आता उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा प्रयत्न यशस्वी!

भागाकारही मोठा नाही. २चा आठवा घात २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. त्यातून ६४१ गुणिले १०२, म्हणजे ६५,३८२ वजा करा, बाकी १५४. ही सोळाव्या घाताची बाकी, म्हणून ३२व्यासाठी तिचा वर्ग करा: १५४चा वर्ग २३,७१६. आणि ६४१ गुणिले ३७ होतात २३,७१७. एकच कमी! तो १ मिळवला की भाग पूर्ण. प्रत्येक पायरीला बाकी काढत गेलात तर पाच आकड्यांपलीकडे जावं लागत नाही; ती काढायची राहिली की आकडे फुगतात आणि हातचे चुकतात.

भागाकार येतो ६७,००,४१७. तीही मूळ संख्याच. पडताळ्यासाठी अंकांची बेरीज करा: ६४१ची ११, म्हणजे २; दुसरीची २५, म्हणजे ७. गुणाकार १४, म्हणजे ५. सुरुवातीला लिहिलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. जुळलं. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर हा पडताळा ती चूक पकडत नाही.

संगणकावर करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. ३२ बिटांच्या चलात ही संख्या मावत नाही. वरचा भाग गळून तिथे नुसता १ उरतो. ६४ बिटांचं चल घ्या. दुसरं, मूळ संख्या ओळखायची फर्माची चाचणी, म्हणजे पायाचा संख्येहून एकने लहान घात घेऊन त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का ते पाहणं, पाया २ घेऊन लावली तर ही संख्या खुशाल उत्तीर्ण होते, कारण २च्या ६४व्या घाताची बाकी १ येते आणि इथला घातांक ६४च्या पटीतला आहे. पाया ३ घ्या, लगेच नापास होईल.