केसपेपरवरची पहिली ओळ

(दृश्य : पहाटेचे साडेपाच. पंचगंगेच्या काठावरून आलेलं धुकं. दूध संस्थेच्या दारात कॅन घेऊन उभी माणसं.)

कोल्हापूरची थंडी तशी बोचरी नाही. पण दिवाळी सरली की कारखान्यांची धुराडी पेटतात आणि जिल्ह्यातला जवळपास प्रत्येक रस्ता उसाचा होतो. त्याच रस्त्यावर पहाटे आबा दुधाचा कॅन घेऊन संस्थेकडं निघतात, आज्जी काकड आरतीला निघते. अंगावर गडद शाल, कानाला मफलर. मफलरनं थंडी अडते, आणि मागून येणाऱ्या गाडीचा आवाजही. अशा वयस्कर माणसाला गाडीचा धक्का लागला तर भरपाई मिळवायला काय करायचं, ते इथं.

(दृश्य : वळणावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर.)

नीट बघा. वळताना ट्रॉल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत. पहिली ट्रॉली आतल्या कडेला सरकते, दुसरी त्याहून जास्त. वळणाच्या आतल्या बाजूला थांबलेल्या माणसाला वाटतं, ट्रॅक्टर गेला, आपण सुटलो. तेवढ्यात मागच्या ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस खांद्याला लागतो. म्हणून थांबायचं ते वळणाच्या बाहेरच्या कडेला. चालायचं उजव्या बाजूनं, समोरची गाडी दिसेल असं. आणि शालीवर मागं-पुढं चमकणारी पट्टी शिवून घ्यायची. चार बोटं रुंद पट्टी पुरते.

(दृश्य : रुग्णालयाची अपघात विभागाची खिडकी.)

सत्तरीच्या माणसाला धक्का लागला की बहुतेकदा खुब्याचं नाहीतर मनगटाचं हाड मोडतं. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते, कारण म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात. डोक्याचा मुका मार त्याहून फसवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस गुंगीत जातो, तोल जाऊ लागतो. त्यामुळं डोकं आपटलं असेल तर बाहेर खरचटलेलं दिसो न दिसो, पहिल्याच दिवशी ते लिहून घ्या.

अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचं भवितव्य बहुतेकदा याच खिडकीपाशी ठरतं. ट्रॅक्टरवाला हात जोडून म्हणतो, "काका, दवाखान्याचा सगळा खर्च देतो, पोलीस तेवढे नकोत." मुलगा डॉक्टरांना सांगतो, घरात पाय घसरला. केसपेपरवर पहिली ओळ पडते : 'घरी पडून दुखापत'. शस्त्रक्रियेचं बिल लाखाच्या पुढं जातं तेव्हा ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नाही. मग फिर्याद होते, पण विमा कंपनीचा वकील तीच ओळ भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणासमोर ठेवतो, आणि पुढचे सगळे कागद तिच्यापुढं लंगडे पडतात.

तेव्हा खरा इतिहास सांगायचा : कुठं, किती वाजता, कोणत्या वाहनानं. म्हणजे रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) नोंदवतं, पोलिसांना वर्दी जाते, जबाब होतो. सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, नेलं काय किंवा खासगीत, ही नोंद झालीच पाहिजे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. स्थळ पंचनाम्यात धुकं होतं का, ट्रॉलीला मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर होता का, हे आलंय का ते वाचून बघा. आणि नंबर दोन्ही हवेत, ट्रॅक्टरचाही आणि ट्रॉलीचाही. ट्रॉलीचा विमाच नव्हता, किंवा ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवून भाड्यानं चालवत होते, हे विमा कंपनीचे हमखास बचाव. ट्रॅक्टर बऱ्याचदा परजिल्ह्यातल्या ठेकेदाराचा असतो. तो गावाकडं गेला की कागद गोळा करणं अवघड.

पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, सविस्तर अहवाल 90 दिवसांत. गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. विचारल्याशिवाय हलत नाही, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. रस्ते अपघातासाठी 2025 ची कॅशलेस उपचार योजना आहे. यादीतल्या रुग्णालयात, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत. तिथंही पोलिसांची नोंद लागतेच.

(दृश्य : कसबा बावड्यातलं न्याय संकुल.)

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 166 खाली. अपघात कुठल्याही जिल्ह्यात झालेला असो, तुम्ही कोल्हापूरचे रहिवासी असाल तर इथं दाखल करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात मुदत आहे सहा महिन्यांची. प्लास्टर निघू दे, मग बघू, म्हणणाऱ्यांचे त्यातले चार महिने सहज जातात.

कलम 164 वेगळं आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही : मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. मात्र विमा कंपनीच्या तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. सही करण्याआधी वकिलाकडून हिशेब करून घ्या. वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाकडं करायचा.

आता तो हिशेब. वय झाल्यावर कमाई कसली, असं विमा कंपनी म्हणणारच. दूध संस्थेचं दर दहा दिवसांचं बिल, कारखान्याची ऊस बिलं, सातबारा, बँकेचं पासबुक ही त्यावरची उत्तरं. आज्जी घर आणि जनावरं सांभाळत असेल तर त्या कामालाही पैशात किंमत आहे; 2021 च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयानं घरकामाचं काल्पनिक उत्पन्न धरण्याची बाजू स्पष्ट मांडली आहे.

समजा महिना 9 हजारांची कमाई आणि कामाच्या दृष्टीनं 40 टक्के अपंगत्व. वर्षाचे झाले 1 लाख 8 हजार; त्यातले 40 टक्के, म्हणजे 43 हजार 200, बुडाले. या आकड्याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. 2009 च्या सरला वर्मा निकालानुसार 61 ते 65 वयाला गुणक 7, त्यापुढं 5. म्हणजे 64 व्या वर्षी 3 लाख 2 हजार 400 आणि 67 व्या वर्षी 2 लाख 16 हजार. उपचार, सांभाळायला ठेवलेली बाई, रिक्षाभाडं, वेदना हे सगळं यावर वेगळं. तीन वर्षांच्या फरकानं एवढा फरक पडतो, म्हणून वयाचा पुरावा जपून द्या. आपल्याकडं जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख सर्रास 1 जानेवारी असते. 2024 मध्ये मोटार अपघाताच्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. जुन्या शाळेत जाऊन तो काढा.

दुसरा आक्षेप : हाडं आधीच ठिसूळ होती. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, की अपघाताआधी रुग्ण काठीशिवाय चालत होता. अपंगत्वाचा दाखलाही नुसता जोडून भागत नाही. डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते. पाय 40 टक्के अधू म्हणजे कमाई 40 टक्के बुडाली, असा थेट हिशेबही नसतो. धार काढायला उकिडवं बसता येत नाही, हे साक्षीत यायला हवं.

(दृश्य : मध्यवर्ती बस स्थानक. पायरीवर चढणारे आजोबा.)

एसटीत चढता-उतरता गाडी हलली आणि पडलात, तर तोही मोटार अपघातच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पण कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट देतो. ते फेकू नका. त्या गाडीत होतात, याचा तोच पुरावा.

न्हाणीघरात घसरून पडलं तर मात्र हे न्यायाधिकरण कामाचं नाही. तिथं सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड उपयोगी पडतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा सत्तरीपर्यंतच, आणि नुसतं हाड मोडल्यावर त्यातून काही मिळत नाही.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. निकाल पटला नाही तर 90 दिवसांत अपील, आणि ते आता मुंबईला नाही : ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. रक्कम मंजूर झाल्यावर तिचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. औषधपाण्यासाठी पैसे आत्ता लागत असतील तर बिलं जोडून ठेव मोडण्याचा अर्ज त्याच न्यायाधिकरणात करता येतो.