एका कागदाचे सोळा तुकडे

श्रोतेहो, नमस्कार. जलरंगाची पेटी घरात असते, चांगला कागदही हौसेनं आणलेला असतो, पण तो कपाटातून बाहेर येत नाही. महागाचा कागद, वाया गेला तर? म्हणून सराव चालतो स्वस्तातल्या पातळ कागदावर. आमच्या मते घोळ इथेच होतो. पातळ कागद पाणी लागलं की फुगतो, रंगाचं पाणी जिथल्या तिथे पिऊन टाकतो. त्यावर बसलेला हात ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या जाड सुती कागदावर उपयोगी पडत नाही, आणि मग त्या कागदाची धास्ती आणखीच वाढते.

तेव्हा चांगलाच कागद घ्या आणि कापा. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो. दोन्ही बाजूंचे चार-चार भाग केले की साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे निघतात. यावर चित्र काढायचं नाही. एका तुकड्यावर एकच गोष्ट विचारायची, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. रंग, पाणी आणि ब्रश तिन्ही एकदम बदललं, तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा. चार तुकड्यांवर एकाच निळ्या रंगाचा सारखा हात द्या. पहिल्यावर लगेच स्वच्छ पाण्याचा थेंब सोडा. दुसऱ्यावर ओल्या रंगाची चमक थोडी उतरल्यावर, तिसऱ्यावर चमक गेली पण बोटांच्या मागच्या बाजूला कागद गार लागतोय तेव्हा, आणि चौथ्यावर पूर्ण वाळल्यावर. पहिला थेंब नुसताच विरून जातो. चमक उतरू लागल्यापासून कागद ओलसर असेपर्यंत पडलेला थेंब मात्र रंगाचे कण बाहेर ढकलत नेतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. याच कडेनं अनेकांची आकाशं बिघडवली आहेत. ती केव्हा येते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ती टाळताही येते आणि झाडाच्या पानोऱ्यासाठी मुद्दाम आणताही येते. मिनिटं मोजून उपयोग नाही. कोकणातल्या पावसाळ्यात जो कागद बराच वेळ ओला राहतो, तो नागपूरच्या मे महिन्यात बघता बघता वाळतो. चमक बघा.

मिठाचंही तसंच. चमक जाण्याच्या बेतात असताना चार-पाच खडे टाकले तर चांदण्या उमटतात. आधी टाकलं तर मीठ विरघळून जातं, उशीर झाला तर काहीच होत नाही. कागद खडखडीत वाळल्यावर मीठ पूर्ण झटकून टाका; राहिलेलं मीठ दमट हवेत पाणी ओढत राहतं.

ब्रशच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी तैलरंगात रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंगाची बोथट सुरी, हाती घेतले आणि त्यांच्या चित्रांचा पोतच वेगळा झाला. आपल्याला एटीएमचं बाद झालेलं कार्ड पुरे. त्याच्या कोपऱ्यानं कागद ओलाचिंब असताना रेघ ओढली, तर कागदाला चर पडते, रंग तिच्यात उतरतो आणि रेघ गडद दिसते. चमक गेल्यावर तेच कार्ड आडवं दाबून ओढलं, तर रंग बाजूला सरकतो आणि रेघ उजळ निघते. हत्यार तेच, फरक पडतो तो ओलाव्यामुळे.

आता दोन निळे. अल्ट्रामरीन आणि थॅलो ब्लू शेजारी-शेजारी लावा, पूर्ण वाळू द्या आणि ओल्या ब्रशनं पुसून बघा. अल्ट्रामरीन बराचसा निघतो, थॅलो कागदात मुरून बसतो. आकाशातला ढग नंतर पुसून काढायचा असेल, तर थॅलो लावू नये हे इथेच कळतं. त्याच अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग थोडा-थोडा वाढवत पाच ठिपके द्या. मध्ये कुठेतरी पावसाळी ढगाचा राखाडी सापडेल. त्यात तिसरा, चौथा रंग घातला की मात्र सगळं मातकट होत जातं.

प्रत्येक तुकड्याच्या कडेला पेन्सिलीनं रंगाचं नाव, कागद कितपत ओला होता आणि हवा कशी होती ते लिहा. नाहीतर महिन्याभरानं नुसते डाग उरतील. पाठही कोरीच असते, तीही वापरा.

एका ठिकाणी मात्र भीती असलेलीच बरी. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठात धरायची सवय अनेकांना असते. कॅडमियम, कोबाल्टचे रंग पोटात जाणं चांगलं नाही. टोक फडक्यावर आणा, आणि ब्रश धुतलेलं भांडं चहाच्या कपापासून लांब ठेवा.