वाचनालयाचं दार कुणासाठी उघडतं?

मंडळी, समोर तालुक्यातले ग्रंथपाल आणि कार्यकर्ते बसलेत, म्हणून थेट कामाचं बोलतो. गावच्या वाचनालयाचा विषय निघाला की 'आता वाचतं कोण?' हे ऐकावंच लागतं. मला ते मान्य नाही. चालू असलेल्या कुठल्याही वाचनालयात संध्याकाळी जाऊन पाहा. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी मुलं-मुली जागा धरून बसलेली असतात. घर दोन खोल्यांचं, त्यात टीव्ही, आलेगेले, जनावरांचं काम. शहरातली अभ्यासिका त्यांना परवडत नाही. त्यांना पुस्तकाइतकीच गरज असते ती टेबलाची, उजेडाची आणि शांततेची. हे वाचन नव्हे असं म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांना माझी विनंती आहे की या मुलांना पाहुणे समजू नका. त्यातलं एखादं पोर परीक्षेचं पुस्तक परत करताना शेजारचं आत्मचरित्र उचलतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

दुपारी पेपरला येणाऱ्या ज्येष्ठांबद्दल वेगळं सांगायला नको.

मला काळजी आहे ती न येणाऱ्यांची. आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही चोख असते, पण देवघेवीच्या नोंदी बारकाईने वाचा. सभासद पुरुष आणि पुस्तकं मात्र कथा-कादंबऱ्या, पाककृती, आरोग्याची, असं अनेक ठिकाणी दिसतं. वाचणारी घरात आहे, पुस्तक नवरा किंवा लेक नेते. कारण उघड आहे. वाचनालय चावडीजवळ, बाकांवर सगळे पुरुष, आणि उघडण्याची वेळ नेमकी स्वयंपाकाची. दिवसभर खुरपणी करून आलेली बाई तिथे येणार कशी? तिने यावं म्हणून भाषणं करण्यापेक्षा बचत गटाच्या मासिक बैठकीला पुस्तकांची पिशवी घेऊन जा. बैठक ठरलेल्या दिवशी होते, बाया एकत्र असतात, हिशेबाची वही लिहिणारी एक जण असतेच. तीच पुस्तकांचीही नोंद ठेवेल. पिशवीत ठळक टाइपाची पुस्तकं घाला, गेल्या वर्षीचे दिवाळी अंक घाला आणि लहान मुलांसाठी दोन-चार गोष्टींची पुस्तकं नक्की घाला, कारण ती आईच्या हातूनच मुलांपर्यंत जातात.

पण ही पिशवी नेणार कोण? इथे पैशाचा विषय येतो. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा, त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान. 2022मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, ती गरजेची होती. तरीही त्या वाढीनंतर इतर 'ड' वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गातल्या गावच्या वाचनालयाला वर्षाला 48,000 रुपयेच ठरले. पुस्तकं, पेपर, वीजबिल सगळं विसरून ती रक्कम एका माणसाच्या हाती दिली, तरी महिन्याला 4,000 होतात. एवढ्यावर एखादी व्यक्ती रोज दार उघडते, झाडलोट करते, अहवाल भरते, तपासणीला उत्तरं देते. गावातली वाचनालयं आज अशा माणसांच्या जिवावर उभी आहेत आणि हे आपण ठरावात सुद्धा लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तमिळनाडू, कर्नाटक, केरळ इथे ग्रंथालय कर आहे, आपल्याकडे नाही. कर्नाटकने 2019मध्ये ग्रामपंचायत ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे दिली आणि पुढे मुलांसाठी मोफत सभासदत्वाची मोहीम घेतली. त्यांचं सगळंच उचलावं असं नाही. आपली वाचनालयं लोकांनी संस्था काढून उभी केली, ती तशीच राहावीत. पण ग्रामपंचायत ही वाचनालयाची नैसर्गिक जोडीदार आहे, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत तीनच मागण्या मांडा: वीजबिल पंचायतीने भरावं, अभ्यासाच्या जागेत इंटरनेट द्यावं आणि ग्रंथपालाच्या मानधनात दरमहा ठरावीक भर घालावी. मागण्या लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका.