बॅगेतल्या तीन कादंबऱ्या

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि ‘समीक्षा नको, गप्पा मारा’ असं बजावलंय. समीक्षा मला येतही नाही, तेव्हा काळजी नसावी.

यंदा सहा आठवडे पुण्यात होतो, कोथरूडला ताईकडे. गेल्या गेल्या तिने फर्मान काढलं, ‘माळ्यावरची तुझी खोकी उपस, रविवारी रद्दीवाला येतोय.’ पहिल्याच खोक्यात ‘कोसला’ निघाली. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. माझी प्रत १९८७ साली अप्पा बळवंत चौकातून घेतलेली. आत लाल शाईचा सडा. कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर जिथे जिथे बापावर, कॉलेजवर, एकूण जगावरच उखडतो, तिथे तिथे रेघ. मीही बार्शीहून येऊन पुण्यात होस्टेलवर पडलेला. हे माझ्यावरच लिहिलंय याबद्दल मला शंका नव्हती. (आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांनाही नव्हती. सगळे पांडुरंगसारखं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालून बोलायचे.)

या खेपेला मात्र मी मुकाट बापाच्या बाजूने गेलो. पोरगा मेसच्या कारभारात हात पोळून घेतो, आणि निस्तरायचं गावाकडच्यांनी. माझा मुलगा सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फीचे आकडे मला तोंडपाठ आहेत, तेव्हा माझं मत निःपक्षपाती धरू नका.

शंभरेक पानं झाली आणि पुस्तकातून एक कुपन खाली पडलं. मनीऑर्डरचं. रुपये ३००. मजकुराला दोन बोटं जागा असायची, त्यात बाबांचं तिरपं अक्षर: ‘पैसे पोचल्याचे कळव. पावसात भिजू नको.’ मी ते खुणेला घातलं होतं. त्यापुढे एकही लाल रेघ नाही. म्हणजे तेव्हा पुस्तक तिथेच सोडलं होतं, आणि पुढे अडतीस वर्षं ‘कोसला’ वाचल्याच्या थापा मारत होतो, यातल्या काही तर याच हॉलमध्ये! पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं मी छपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वाचली. ताई दोनदा जेवायला बोलवून गेली. उठवलं नाही.

‘रणांगण’ परतीच्या विमानात संपवली. विश्राम बेडेकरांची, १९३९ची, एका बैठकीत होणारी. चक्रधर युरोपातून बोटीने मुंबईला निघालाय. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, त्यांत हेर्टा. पुढचं सांगत नाही. परदेशस्थ मराठी माणसाचं म्हणून जे लिहिलं जातं, तो पहिला बर्फ, ती गणपतीतली हुरहुर, ते मला हल्ली वाचवत नाही. बेडेकरांच्या बोटीवर एकाला उतरायला मुंबई आहे आणि दुसरीला कुठलंच बंदर आपलं नाही. आपण सगळे चक्रधरच्या रांगेतले, हे विमानात पासपोर्ट चाचपताना फार टोचलं. बरं, चक्रधर काही भला माणूस नाही, आणि बेडेकर त्याला कुठेही पाठीशी घालत नाहीत. मला ती कादंबरी आवडली ती त्यामुळेच.

तिसरी, नंदा खऱ्यांची ‘उद्या’. २०१४ची, तिला साहित्य अकादमी मिळालं आणि खऱ्यांनी ते घेतलं नाही. खरं सांगायचं तर वाचताना दमछाक झाली. पात्रं बोलता बोलता व्याख्यान द्यायला लागतात, पन्नास पानं सहज कमी चालली असती. पण माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल ती आहे, आणि ती मी वाचत होतो तेव्हाच ताईच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमनने माझा फोटो काढून ॲपवर टाकला. ताईने वरून बटण दाबलं तेव्हा सख्खा भाऊ आत गेला. मग पन्नास पानं माफ केली.

‘रणांगण’ आणि ‘उद्या’ मागच्या टेबलावर ठेवल्यात, चहाच्या थर्मासशेजारी. नाव लिहून न्या. ‘रणांगण’ची पानं सुटतात, जरा जपून. ‘कोसला’ कुणी मागू नका.