अंधारात मोजलेलं प्रथिन

या नळीत नुसतं पाणी आहे असं वाटेल. पण त्यात प्रथिन आहे: मिलिलिटरमागे जेमतेम एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. नमुन्यात पेशीच मोजक्या असतील, तर बरेचदा एवढंच हाती लागतं.

नेहमीची पद्धत रंगाची. 1976 साली मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी मांडलेल्या पद्धतीत कूमासी रंग प्रथिनाला चिकटून निळा होतो आणि द्रावणाने किती प्रकाश शोषला ते यंत्र सांगतं. पद्धत सोपी, भरवशाचीही. मात्र प्रथिन फारच थोडं असलं की आत सोडलेला आणि पलीकडे पोचलेला प्रकाश जवळपास सारखाच भरतो. दोन मोठ्या आकड्यांमधला तो इवलासा फरक नेमका पकडणं अवघड.

प्रतिदीप्तीत हिशेबच वेगळा. रेणू एक प्रकाश शोषतो आणि त्याहून लांब तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतो. जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 मध्ये हे दाखवून दिलं. फिल्टर लावून मूळ प्रकाश अडवला की मापकासमोर काळोख उरतो, आणि त्यात फक्त रेणूंचा उजेड. दुपारी न दिसणारा काजवा अवसेच्या रात्री लांबूनही दिसतो, तसं.

1972 मध्ये पुढे आलेलं फ्लुओरेस्कामाइन मला यातलं सर्वांत देखणं रसायन वाटतं. ते स्वतः चमकत नाही. प्रथिनातल्या प्राथमिक अमाइन गटांशी (नायट्रोजनला दोन हायड्रोजन जोडलेले गट), मुख्यतः लायसिन या अमिनो आम्लावरच्या, ते जुळलं की 390 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश घेऊन निळसर-हिरवा उजेड देतं. ही जुळणी सेकंदभरही घेत नाही. उरलेलं फ्लुओरेस्कामाइन पाण्याशी अभिक्रिया होऊन काही सेकंदांतच संपतं, आणि त्यातून जे बनतं तेही चमकत नाही. त्यामुळे धुणं नको, गाळणं नको! पाण्यात ते टिकत नाही, म्हणून ॲसिटोनमध्ये विरघळवतात आणि नळी जोरात ढवळत असतानाच आत सोडतात.

अडचण एकच, पण मोठी: अमाइन प्रथिनातलंच आहे का, हे त्याला कळत नाही. ट्रिस बफर (बफर म्हणजे आम्लता स्थिर राखणारं द्रावण), ग्लायसिन, पेशीतली सुटी अमिनो आम्लं, सगळीच त्याच्याशी जुळतात. म्हणून इथे बोरेट किंवा फॉस्फेट बफर वापरतात, आणि प्रथिन न घातलेली नळी प्रत्येक वेळी सोबत मोजतात. शिवाय प्रत्येक प्रथिनात लायसिन सारखं नसतं. तेवढ्याच वजनाचं दुसरं प्रथिन कमी-जास्त उजेड देईल. तेव्हा आकड्याशेजारी तुलनेसाठी कोणतं प्रथिन घेतलं, तेही वहीत लिहायलाच हवं.