बॅटर्सीची म्हणून विकली जाणारी डबी

(दृश्य : तळहातावर मावणारी लंबगोल डबी. गुलाबी अंग, पांढरं झाकण.)

झाकणावर काळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय, 'बाथहून एक छोटीशी भेट'. बाथ हे इंग्लंडमधलं गरम झऱ्यांचं गाव. अठराव्या शतकात बडी मंडळी तिथं हवापालटाला जायची आणि येताना घरच्यांसाठी असल्या डब्या आणायची. झाकणाच्या आत आरसा आहे. डबीत असायच्या काळ्या रेशमी कापडाच्या टिकल्या. देवीचा व्रण झाकायला, नाहीतर निव्वळ नखरा म्हणून गालावर चिकटवायच्या.

विकणारा बिनदिक्कत सांगतो, "अस्सल बॅटर्सी!" शंका घ्यायची ती इथूनच.

(दृश्य : लंडन, थेम्सचा काठ.)

बॅटर्सीला यॉर्क हाउस नावाच्या वास्तूत 1753 साली मीनाकामाचा, म्हणजे धातूवर रंगीत काच चढवण्याचा, कारखाना निघाला. मालकांपैकी स्टीफन थिओडोर जॅन्सन पुढच्याच वर्षी लंडनचा लॉर्ड मेयर झाला. 1756 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं आणि कारखान्यातला माल लिलावात निघाला. उणीपुरी तीन वर्षं! 1755 मध्ये होरेस वॉलपोल या लेखकाने मित्राला इथली तपकिरीची डबी पाठवली, तीही नव्या कारखान्याचा नमुना म्हणून.

नवं होतं ते छपाईचं तंत्र. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रंग भरून कागदावर ठसा घ्यायचा, तो ओला ठसा मीन्यावर उतरवायचा आणि भट्टीत भाजायचा. ही युक्ती बाकीच्यांनी लगेच उचलली. साउथ स्टॅफर्डशायरमधल्या बिल्स्टन, वेन्सबरीत आणि शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये पुढची कित्येक दशकं अशा डब्या बनत राहिल्या. बाथची ही डबी बहुधा तिकडचीच. नाव मात्र तीन वर्षांत बुडालेल्या कारखान्याचं लागलं, कारण त्या नावाला भाव येतो.

(दृश्य : दहापट भिंगातून झाकणाची कड.)

मोल करणारा माणूस आधी चित्र बघत नाही. तो डबी उलटी करतो, मग कड बघतो. मीना म्हणजे वितळवून धातूवर बसवलेली काच. तांबं आणि काच तापल्यावर सारखी फुगत नाहीत, म्हणून पत्रा वाकू नये यासाठी आतूनही मीना चढवलेला असतो. डबी पडली की तांब्याला पोचा येतो आणि वरच्या काचेचा टवका उडतो. अडीचशे वर्षांच्या डबीला केसासारख्या चिरा, कडेला एखादा टवका असायचाच. सगळीकडून गुळगुळीत, नवी कोरी दिसली तर मला आनंद होण्याऐवजी धास्ती वाटते.

कारण दोनच. एक तर ती नवी आहे, नाहीतर दुरुस्त केलेली. जुनी डबी पुन्हा भट्टीत घालणं जोखमीचं, म्हणून टवका राळेने भरतात आणि वरून साधा रंग लावतात. दिवसाउजेडी कळत नाही. अतिनील दिव्याखाली धरलं की भरलेला भाग आजूबाजूच्या मीन्यापेक्षा वेगळा दिसतो.

भिंगाखाली चित्रही बोलतं. जुन्या छपाईत कोरीव कामाच्या बारीक रेघा दिसतात, आणि त्यावर हाताने भरलेला रंग इकडेतिकडे रेघेबाहेर गेलेला. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसले, तर चर्चा तिथंच संपली.

(दृश्य : दोन डब्या शेजारी शेजारी.)

खरी पंचाईत होते ती पॅरिसच्या सॅमसनमुळे. 1845 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने जर्मनीतल्या मायसेनची आणि फ्रान्समधल्या सेव्रची चिनीमातीची भांडी, चीनमधली भांडी, इंग्लिश मीनाडब्या, सगळ्यांच्या नकला केल्या, आणि सुरेख केल्या. त्यातल्या कित्येक आता शंभराच्या वर वर्षांच्या झाल्या, चिरा पडल्या, कडा झिजल्या. गंमत म्हणजे सॅमसनच्या नकलाही आता लोक हौसेने जमवतात. तुलनेसाठी खात्रीचे नमुने बघायचे तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जावं. लेडी शार्लट श्रायबर यांनी 1884 मध्ये दिलेल्या संग्रहात इंग्लिश मीनाकाम आहे.

1970 मध्ये हॅल्सियन डेज या लंडनच्या दुकानाने बिल्स्टनच्या कारागिरांना हाताशी धरून ही कला पुन्हा उभी केली. त्यांच्या डब्यांवर कंपनीचं नाव असतं, त्यामुळे फसगतीचा प्रश्न नाही. चुंबकाने मिटणाऱ्या, खड्यांनी मढवलेल्या ओतीव डब्या शोभेला खुशाल घ्या, पण जुनं म्हणून पैसे मोजू नका.

किमतीचं म्हणाल, तर बाथच्या डबीसारख्या झाकणावर मजकूर असलेल्या डब्या भरपूर बनल्या, म्हणून तुलनेने स्वस्त. पक्ष्याच्या किंवा प्राण्याच्या आकाराच्या डब्यांना जास्त मागणी. आणि लिलावाच्या यादीत 'बॅटर्सी-शैलीची' असं छापलेलं असेल, तर बोली लावण्याआधी त्यातल्या 'शैली'कडे नीट बघा. 'साउथ स्टॅफर्डशायर, सुमारे 1780' असं सरळ लिहिणारा विक्रेता मला अधिक भरवशाचा वाटतो.